साडेसहाचा हात

दादा गेला त्याच्या पंधराव्या दिवशी मास्तर घरी आले. चहा घेतला, अर्धा ठेवला, आणि बराच वेळ भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघत बसले. मी कपडे शिवणारी बाई. समोरचा माणूस कुठे अडलाय ते मला लवकर कळतं, आणि माझ्याकडे धीर थोडा आहे. मी म्हटलं, मास्तर, आडून आडून नको, काय ते सांगा. तेव्हा ते म्हणाले की साडेसहाच्या वेळेचं काहीतरी ठरवायला हवं.

साडेसहाची वेळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या शहरात हौशी रेडिओवाल्यांचं एक मंडळ आहे. चाळीसेक माणसं, बरीचशी केस पिकलेली. गच्चीवर तारा ताणून ही मंडळी समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाची खुशाली विचारतात आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला ओळख देत नाहीत. त्यांच्यातल्या ज्यांना मोर्सची लिपी कानांनी वाचायला शिकायची असते, त्यांच्यासाठी रोज सकाळी साडेसहा ते सात सराव असतो. एकजण आपल्या घरून खटका दाबत मजकूर पाठवतो, बाकीचे आपापल्या घरी रेडिओ लावून ऐकतात आणि वहीत उतरवून घेतात. खटक्याला पुस्तकात मोर्स-की म्हणतात, पण पुस्तकातलं कोण बोलतं? हा सराव अकरा वर्षं माझा दादा घेत होता. एका दिवसाचा खाडा नाही. ताप असला तर कानाला मफलर गुंडाळून बसायचा, पण बसायचा.

मास्तर मंडळाचे सचिव. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. तरुणपणी जहाजांवर बिनतारी यंत्र सांभाळायचे, म्हणून मास्तर. त्यांनी सांगितलं की एखादी वेळ सहा महिने रिकामी राहिली तर मंडळ ती बंद करतं. त्यापेक्षा कॉम्प्युटर लावून देऊ, यंत्र पाठवेल, ते चुकत तरी नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, दादाच्या जागी यंत्र बसवायचं नाही, सराव मी घेईन. हवेत काही पाठवायचं तर परवाना लागतो, परवान्यासाठी परीक्षा लागते, आणि ती मी दिलेली नव्हती. अडीच वर्षं मी नुसती ऐकत आले होते.

"मग द्या परीक्षा," मास्तर म्हणाले. "सहा महिन्यांच्या आत पास व्हा, वेळ तुमची."

मला वाटलं, हा तर डाव्या हाताचा मळ.

आई होती तोवर मी तिच्याजवळ राहायचे. ती गेल्यावर शिलाईचं मशीन आणि दोन ट्रंका घेऊन दादाकडे आले. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न केलं नव्हतं. म्हणायचा, एक खाली आणि एक वर असं आयुष्य कोण काढेल. मला तो टाचणी म्हणायचा, कारण मी टोचून बोलते, आणि तो म्हणाला म्हणून सगळं मंडळ मला टाचणीताई म्हणायला लागलं. पहिल्या आठवड्यातच त्या सकाळच्या पीपी-पीने माझं डोकं उठलं. मी त्याला म्हटलं, हे बंद होणार नसेल तर यात काय चाललंय ते मला कळू दे तरी. मी वैतागून बोलले होते. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक छोटा रेडिओ आणून ठेवला आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. भिंतीतून ऐकू नकोस, हवेतून ऐक, असं बजावलं.

मंडळाची रीत अशी की नवशिक्याने आधी यंत्राचं ऐकायचं. यंत्राची टिंबं-रेघा मोजून-मापून असतात, अक्षराच्या आत एवढी जागा, दोन अक्षरांमध्ये एवढी. कान त्यावर बसले की मग माणसांचे हात ऐकायचे, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. कुणी रेघ लांबवतो, कुणी टिंबं खातो. दादाला ही रीत मान्य नव्हती. यंत्राकडून शिकलेला माणूस ऐकत नाही, नुसता मोजतो, असं तो म्हणायचा. मास्तरांशी त्यावरून त्याचे वाद व्हायचे. पण दादापुढे कुणाचं काय चालणार, मी पहिल्या दिवसापासून त्याचाच हात ऐकला, दुसऱ्या कुणाचाही नाही. वर्षभरात मी काजं करता करता त्याचा मजकूर वाचायला लागले. पहिल्या महिन्यापासूनच रोजचा सराव फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचे आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की परत ऐकायचे. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो मंडळात कौतुकाने सांगायचा.

माझ्यानंतर आणखी दोघं आले. एक दातांची डॉक्टर, तिला आम्ही दातवाली म्हणतो. आणि एक बेकरीवाले काका, जे भट्टीशेजारी रेडिओ ठेवून ऐकायचे आणि ज्यांच्या वहीच्या पानांचे फोटो मैद्याचे बोटांचे ठसे घेऊन यायचे. त्या दोघांनाही दादाने यंत्राजवळ फिरकू दिलं नाही. त्यांच्या वह्या मी तपासायचे. दादाला अभिमान होता, की त्याच्या तिन्ही विद्यार्थ्यांना बाराच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला बारा शब्द, सगळं कळतं.

मधून मधून तो खटक्यावर वैतागायचा. स्प्रिंग सैल झालीय म्हणायचा, स्क्रू पिळायचा, परत सैल करायचा. नवा खटका आणला, तोही त्याला पटेना. मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. तो हसायचा.

मग एके दिवशी तो कामावरून येताना जिन्यात पडला. चक्कर नाही, घसरला नाही, पाय उचललाच गेला नाही म्हणाला. डोक्याचा फोटो काढला त्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर तरुण होता, नीट बोलायचा. त्याने मला वेगळं बसवून सांगितलं की ही गाठ हळूहळू वाढते, दोन-तीन वर्षं तरी जुनी असणार, आणि अशी गाठ डाव्या बाजूला असली की आधी उजवा हात बिघडतो. लिहिताना, बटणं लावताना, बारीक कामात. मग त्याने विचारलं, तसं काही लक्षात आलं होतं का?

मी ठामपणे नाही म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टर, माझा भाऊ रोज अर्धा तास या हाताने मोर्स पाठवतो आणि मी ते रोज ऐकते. त्याच्या हातात केसाएवढा फरक पडला तरी मला कळला असता. डॉक्टरने ते लिहून घेतलं. मला वाटतं त्याला नवल वाटलं, पण तज्ज्ञ माणसाचं म्हणणं म्हणून त्याने ते मानलं. ऑपरेशन झालं. गाठ फार खोल गेली होती. नवव्या दिवशी दादा गेला.

परीक्षा एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. सहा टेबलं, सहा हेडफोन. पाच मिनिटं यंत्र पाठवणार, आपण उतरवायचं, पाचपर्यंत चुका माफ. मी पेन्सिलीला टोक करून बसले, मनात म्हटलं, दादा, बघच आता. आवाज सुरू झाला आणि मला काही कळेना.

अगदीच काही नाही असं नव्हे. अक्षरं ओळखीची वाटायची आणि पकडायला गेलं की निसटायची. सगळं फार सपाट, घाईचं वाटत होतं, वेग तोच बाराचा असून. चेहरा ओळखीचा आणि नाव आठवत नाही, तसं पाच मिनिटं चाललं. एकतीस चुका. तपासणाऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं की सराव किती दिवस केला होता. अडीच वर्षं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, महिनाभर.

मास्तरांनी माझा कागद मागवून घेतला आणि चष्मा पुसून पुसून पाहिला. ते म्हणाले, ताई, तुम्ही मोर्स शिकला नाहीत, दादाचा हात शिकलात. आता पाटी पुसून पहिल्यापासून बसा. त्यांनी मला यंत्राचा सराव दिला, रोज दोन तास. आणि एक अट घातली: परीक्षा होईपर्यंत दादाचं एकही रेकॉर्डिंग ऐकायचं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणाले.

ती अट जड गेली. दुकानात दुपारी दोन ते चार शुकशुकाट असायचा, आणि त्या वेळी दादाचा हात ऐकणं एवढंच त्याचं म्हणून माझ्याकडे उरलेलं होतं. त्याचे शर्ट मी कपाटातून काढले नव्हते, पण शर्ट काही बोलत नाही. तरी अट पाळली. वेळ हातची गेली तर सकाळी साडेसहाला त्या घरात काहीच होणार नाही, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. दोन तासांच्या जागी तीन तास बसले. यंत्राचा राग राग करत बसले. पहिले तीन आठवडे पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस सुटी अक्षरं नीट दिसायला लागली, मग शब्द. दहाव्या आठवड्यात परत त्या दुसऱ्या मजल्यावर गेले. दोन चुका. त्याच बाई होत्या. या वेळी त्यांनी पाणी आणून दिलं.

घरी आले, तोंड धुतलं, आणि फोन काढून दादाचं शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. जिन्यात पडला त्याच्या आदल्या दिवसाचं.

मला वाटलं फोन बिघडला. आवाज अडखळत होता. चार टिंबांचं अक्षर असलं की दोन धड यायची, तिसरं उशिरा, चौथं कसंबसं. 'सी' म्हणजे डा-डि-डा-डिट, एका दमात. ते मध्येच तुटून दोन तुकडे पडले होते. लांब रेघ सुरू व्हायची आणि हात तिथेच विसरल्यासारखी रेंगाळायची. लंगडत चाललेल्या माणसाचं चालणं कसं ऐकू येतं, तसं ते होतं. मी आदल्या महिन्याचं लावलं. थोडं कमी. त्याच्या आदल्याचं लावलं. आणखी थोडं कमी. जमिनीवर बसून मी एकेक महिना मागे गेले. अडीच वर्षांपूर्वीच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हात साफ होता. 'सी' एका दमात होता. टिंबं एकसारखी पडत होती. तो हात मी कधी ऐकलाय असं मला आठवेना, आणि तरी मी तो रोज ऐकला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात ते हे. त्याचा हात रोज केसाएवढा बिघडत होता आणि माझे कान रोज केसाएवढे त्याच्यामागे सरकत होते. तो तुटत गेला आणि मी त्या तुटण्यालाच अक्षर म्हणत गेले. मग एकेक आठवायला लागलं. मागच्या वर्षी त्याने शर्टांची काजं मोठी करून मागितली होती. मी म्हटलं होतं, पोट वाढलं तर कंबर सैल करतात, काजं कोण मोठी करतं? आणि दिली होती करून, एकोणीस शर्टांची, माझ्या हाताने. कंपनीने त्याला लिफ्टच्या खड्ड्यातून काढून टेबलावर बसवलं होतं आणि आम्ही बढती म्हणून आइस्क्रीम खाल्लं होतं. डॉक्टरला मी छाती पुढे काढून सांगितलं होतं की माझ्या कानांतून काही सुटत नाही.

संध्याकाळी मास्तरांकडे गेले. त्यांनी अभिनंदन करायला तोंड उघडलं, मी ते करू दिलं नाही. फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि मला हवं ते उत्तर तिथेच मिळालं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हात बिघडलाय हे ऐकू येत होतं. दोन वर्षं तरी."

"कुणाकुणाला?"

"जुन्या सगळ्यांना, ताई."

आमच्यात एक शिष्टाचार आहे. कुणाचा संदेश ऐकला की त्याला तीन आकडे कळवायचे: किती समजलं, किती जोरात आलं, आवाज किती साफ होता. सगळ्यांत चांगलं म्हणजे पाच नऊ नऊ. आता कुणीच खरे आकडे सांगत नाही. सगळे सगळ्यांना पाच नऊ नऊ देतात, अर्धं ऐकू आलेलं नसलं तरी. लग्नाच्या आहेराला नावं ठेवत नाहीत, तसं आहे ते. सराव संपला की सात वाजता एकेक जण रेडिओवर बोलून दादाला आकडे कळवायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. अडीच वर्षं, रोज, प्रत्येकाकडून, पाच नऊ नऊ.

मास्तर म्हणाले, एकाला वाटलं वय झालं. एकाला वाटलं हा सकाळी सकाळी घेतो की काय. त्यांना स्वतःला वाटलं खटका जुना झालाय, म्हणून त्यांनीच तो नवा खटका सुचवला होता. तोंडावर कुणी बोललं नाही. दादा अकरा वर्षं शिकवणारा माणूस, त्याला कसं म्हणायचं की तुझा हात गेला. भीड ही भिकेची बहीण, हे मी ऐकत आले होते. ती यमाची पण कोणीतरी लागते हे मला माहीत नव्हतं. मी भांडायचं ठरवून गेले होते, चांगलं चार घरांना ऐकू जाईल असं. शब्द जिभेवर होते.

तेव्हा मास्तर खाली बघून म्हणाले, "आणि खरं सांगू? तुम्ही घरात होता. आम्ही म्हटलं, टाचणीताई रोज ऐकते. तिला तर माहीतच असेल."

मी फोन उचलला आणि घरी आले.

चार दिवसांनी परवाना हातात पडला. घ्यावा की फाडावा असं झालं होतं. पण वेळ माझी होती, आणि न घेतली तर ती सुटली असती. दादावर उपकार म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून तरी बसायला हवं असं वाटलं. पहिल्या सकाळी दादाच्या खुर्चीत बसले. एक साधा उतारा पाठवला, झाडांची छाटणी कशी करावी यावरचा. यंत्रासारखा साफ पाठवला. सात वाजता जुन्या मंडळींनी पाच नऊ नऊ दिले, अभिनंदन केलं. दातवाली आणि काका यांच्याकडे परवाना नाही, ते फोनवर वहीचे फोटो पाठवतात. दातवालीच्या पानावर निम्मी जागा कोरी होती. काकांच्या पानावर पहिल्या दोन ओळींनंतर काहीच नव्हतं, नुसते मैद्याचे ठसे.

आठवडाभर तेच. मी वेग कमी केला, जागा वाढवली, उपयोग शून्य. शेवटी काकांचा फोन आला. फार भिडस्त माणूस, इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग म्हणाले, ताई, तुमचं ऐकायला छान वाटतं, पण मला कळत नाही. दादांचं कळायचं. आता या वयात परत पहिल्यापासून यंत्र लावून बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही, मी आपला थांबतो. दातवालीनेही तसंच काहीतरी लिहिलं होतं, तिचं कारण पेशंट होते. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, याला दुसरा उपाय नाही, एक तर यंत्र नाहीतर रामराम.

मी दोन रात्री विचार केला. दादाचे दोनच विद्यार्थी उरले होते, आणि त्यांच्याही कानांत त्याचं दुखणंच बसलेलं होतं, माझ्या होतं तसं. यंत्राने ते एका झटक्यात उपटून काढता आलं असतं. माझं तसंच काढलं होतं, आणि ते कसं दुखतं हे मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. रेडिओला न जोडता, नुसत्या बझरवर, मी दादाचं शेवटचं रेकॉर्डिंग एका कानाला लावलं आणि तसं पाठवायला शिकले. धडधाकट हाताने लंगडं पाठवणं सोपं नाही. सुताला गाठ मुद्दाम मारायची, तीही ठरल्या जागी. तिसरं टिंब उशिरा. चौथं कसंबसं. 'सी'चे दोन तुकडे. रेघेवर हात विसरायचा. संध्याकाळपर्यंत जमलं. जमलं तेव्हा मी खटक्यावरून हात काढून मांडीखाली दाबून ठेवला, कारण खोलीत दादाच होता, आणि तो फार आजारी होता, आणि आता मला ते ऐकू येत होतं.

रात्री काकांना आणि दातवालीला कळवलं, उद्या एकदा ऐकाच. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी तोच हात हवेत सोडला. सात वाजता दोन्ही फोटो आले. दोन्ही पानं भरलेली. काकांची एकच चूक होती. त्यांनी खाली लिहिलं होतं, आज सगळं कळलं, पोट भरलं. त्या सकाळी जुन्यांपैकी कुणीच आकडे दिले नाहीत. मास्तरांचा फोन आला.

"ताई, हे काय करताय?" ते म्हणाले. "माझ्या हातातली पेन्सिल थांबली सकाळी."

"मागे नेतेय त्याला," मी म्हटलं. "हळूहळू."



तीन दिवस मी शेवटच्या महिन्याचा हात पाठवला. मग तीन दिवस त्याच्या आदल्या महिन्याचा. मग त्याच्या आदल्याचा. रोज दुपारी दुकानात रेकॉर्डिंग ऐकायचं, संध्याकाळी बझरवर सराव, सकाळी हवेत. तीन दिवसांत एक महिना, असा मी दादाचा हात उलटा चालवत नेला. फरक इतका बारीक की काका आणि दातवालीला तो कळत नव्हता, त्यांचे कान आपोआप मागे सरकत होते. आजार असाच आला होता, मी तो त्याच वाटेने परत न्यायला लागले होते.

प्रत्येक महिन्यात काय काय होतं ते मला माहीत होतं. हा हात खटक्याचा स्क्रू पिळणारा, ज्याला मी अंगण वाकडं म्हटलं. हा आइस्क्रीमच्या दिवसाचा. हा काजांचा, तो पाठवताना मला थांबावं लागलं आणि मी हवेत माफी मागून पुन्हा सुरुवात केली. हा महिना असा की इथे कुणी बोट ठेवलं असतं तर डॉक्टरने बहुतेक वाचवला असता. तो महिना मी तीन दिवसांऐवजी सहा दिवस पाठवला. सातव्या दिवशी पुढे जायला जिवावर आलं. पण समोर दोन वह्या होत्या, गेले.

हळूहळू तिसरं टिंब वेळेवर पडायला लागलं. चौथं पडायला लागलं. रेघ जिथे संपायची तिथे संपायला लागली. एका सकाळी 'सी' जोडला गेला. त्या दिवशी काकांनी वहीखाली लिहिलं की आज जरा जास्तच सोपं गेलं, माझे कान सुधारले वाटतं. मी लिहिलं, हो, सुधारले.

अशा तीन महिन्यांहून थोडे जास्त दिवस गेले. मधून मधून मास्तर दोघांना यंत्राचा उतारा ऐकवून बघत. एका रविवारी त्यांनी कळवलं की दातवालीला तीन चुका, काकांना चार. आता हे कुणाचंही ऐकू शकतील, म्हणाले, परीक्षेला बसवू दोघांनाही. आवाजात आनंद होता आणि तो लपवायचा प्रयत्न चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांत जुन्या रेकॉर्डिंगमधला हात पाठवला. मी राहायला आले त्या महिन्याचा. पाठवायला सगळ्यांत सोपा तोच होता. टिंबं एकसारखी, रेघा सरळ, आणि परिच्छेद संपला की किंचित थांबायची सवय, जी आजारातही गेली नव्हती. अर्धा तास मी बसले आणि अर्धा तास माझा भाऊ ठणठणीत होता. सात वाजता आकडे आले, वह्यांचे फोटो आले. मी सगळ्यांना उत्तरं दिली आणि रेडिओ बंद केला.

हात बरा झाला होता. तीन महिन्यांत मी तो पूर्ण बरा करून दाखवला होता, एकही दिवस न चुकता, सगळ्या मंडळाच्या साक्षीने, आणि ज्याचा होता त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. मी खुर्चीतच बसून राहिले आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले.